धरणाच्या दोन कादंबऱ्या आणि पुढची कोणती?

पीएच.डी.ची तयारी सुरू झाली की कादंबरी वाचताना हातात आपोआप पेन्सिल येते. विषय ‘विस्थापन’ असेल तर विस्थापनावरच्या कादंबऱ्यांची यादी करायची, एकेक संपवायची आणि प्रत्येकीतून चार उतारे काढून ठेवायचे. संशोधन आराखड्याला हे पुरतं. पण कादंबरी काय सांगत होती, ते मात्र राहून जातं.

गेल्या दोन महिन्यांत मी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ पाठोपाठ वाचल्या. पहिलीला 1992चा साहित्य अकादमी पुरस्कार, दुसरीला 2023चा. दोन्हींचा विषय एकच: धरणामुळे उठलेलं गाव. यादीत त्या शेजारी शेजारी बसतील, पण वाचल्यावर कळतं की दोघींचे प्रश्न अगदी वेगळे आहेत.

‘झाडाझडती’चा पट मोठा आहे. गावकरी, अधिकारी, दलाल, पुढारी सगळे त्यात आहेत. पुनर्वसन कागदावर कसं होतं आणि जमिनीवर कसं अडतं, याची यंत्रणा ती उघडी करून दाखवते. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा 1976 सालीच झाला होता, हे लक्षात ठेवून वाचलं तर तिचा राग जास्त कळतो. कायदा नव्हता म्हणून नव्हे, तर असूनही हे घडतं. तिची मर्यादाही यातच आहे. माणसं कधी कधी बाजू मांडायला उभी केल्यासारखी वाटतात. आणि लेखक स्वतः प्रशासनात होते, म्हणून आपण कादंबरीला साक्षीपुरावा समजायला लागतो. प्रबंधात ‘पुनर्वसनात असं घडलं’ असं लिहून खाली ‘झाडाझडती’चा दाखला द्यायचा, हे चालणार नाही. घडलं काय, ते सरकारी दप्तर आणि माणसांच्या मुलाखती सांगतील. घडलेल्याला अर्थ कसा दिला गेला, ते कादंबरी सांगते.

‘रिंगाण’मध्ये पट जवळपास नाहीच. गाव उठलं, एक म्हैस मागे राहिली आणि तिला आणायला माणूस जुन्या मुलखात परत जातो. तिकडे आता रान माजलंय आणि म्हैसही रानटी झाली आहे. मोबदल्याचे आकडे इथे शोधू नका. इथला धोका उलटा आहे. सेमिनारमध्ये कुणीतरी उठून म्हणणारच, ‘म्हैस हे विस्थापनाचं प्रतीक आहे.’ तसं म्हटलं की म्हैस संपली! या कादंबरीची ताकद हीच की म्हैस शेवटपर्यंत म्हैसच राहते. तिचा वास, तिचं बुजणं, तिचा हट्ट सगळं तसंच. माणूस आणि जनावर यांच्यातलं जे नातं मोडलं, त्यासाठी भरपाईच्या कुठल्याही तक्त्यात रकाना नाही. ‘झाडाझडती’ विचारते, हिशेब कुणी बुडवला? ‘रिंगाण’ विचारते, ज्याचा हिशेबच होत नाही त्याचं काय?

मग पुढची कोणती? सोपं उत्तर म्हणजे धरणावरची तिसरी कादंबरी. पण तिसरीने यादी लांबेल, प्रश्न पुढे सरकेलच असं नाही. मी निवडलीय सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. ही विदर्भातल्या कोरडवाहू शेतीची गोष्ट. शिकून बेकार असलेला एकनाथ, आणि घर चालवायला न पुरणारी शेती. इथे धरण नाही, कुणी गाव उठवत नाही. तरी मला बघायचंय की पाणी आल्याने नव्हे तर न आल्याने पायाखालची जमीन सुटते, त्याला विस्थापन म्हणायचं का? ‘हो’ म्हटलं तर माझी व्याख्या बदलावी लागेल. ‘नाही’ म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागेल. दोन्हीकडून माझ्या पहिल्या प्रकरणाला धक्का आहेच.

तुम्हीही पुढचं पुस्तक असं निवडून बघा. विषयाला दुजोरा देणारं खूप मिळेल. तुमच्या मुख्य संज्ञेला अडचणीत आणील असं एक तरी शोधा. आणि पहिल्या वाचनात पेन्सिल लांब ठेवा.