नकाशातील क्रियापद : युद्धकालीन प्रचारनकाशांचा अर्थविचार

युद्धकालीन प्रचारनकाशांची चिकित्सा बहुधा त्यांतील विकृतीच्या शोधापाशी थांबते. हान्स श्पायर यांच्या १९४१ मधील 'मॅजिक जिऑग्रफी' या निबंधापासून मार्क मॉन्मोनियर यांच्या १९९१ मधील 'हाउ टू लाय विथ मॅप्स' या ग्रंथापर्यंत नकाशा वाचकाची दिशाभूल कशी करतो, याचे विवेचन झाले आहे. हे विवेचन मोलाचे आहे. तथापि शत्रूची राज्यतृष्णा दाखविणाऱ्या नकाशांच्या बाबतीत ते पुरे पडत नाही. अशा नकाशांतील मुख्य प्रश्न भूगोलाइतकाच व्याकरणाचाही आहे.

मराठी व्याकरणात क्रियापदाला काळाप्रमाणेच 'अर्थ'ही असतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'देश घेतला', 'घेणार आहे', 'घ्यावा', 'घेतला असता' यांपैकी एक रूप बोलणाऱ्याला निवडावेच लागते, आणि त्या निवडीची जबाबदारी त्याच्यावर येते. नकाशाजवळ क्रियापद नसते. प्रदेश रंगविला की तो 'आहे', एवढेच रंग सांगतो. तुटक रेषांनी अनिश्चितता सुचविता येते हे खरे. परंतु त्या रेषांचा अर्थही अखेर सूचीतील शब्दच ठरवितात. इच्छा, योजना आणि वस्तुस्थिती यांतील भेद अशा रीतीने मथळ्याकडे सोपविला जातो, आणि रंग मात्र निःशंक राहतो.

२७ ऑक्टोबर १९४१ रोजी नौदलदिनाच्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हिटलरच्या शासनाने तयार केलेला एक गुप्त नकाशा आपल्याजवळ असल्याचे जाहीर केले. दक्षिण अमेरिका व मध्य अमेरिकेचा काही भाग यांतील चौदा देशांच्या सीमा पुसून तेथे पाच मांडलिक राज्ये कल्पिली आहेत आणि पनामा कालवाही त्यांपैकी एकात जातो, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी वार्ताहरांनी नकाशा मागितला, तेव्हा तो मिळविण्याचा मार्ग उघड होईल या कारणास्तव त्यांनी नकार दिला. जर्मनीने आरोप फेटाळला. हा नकाशा ब्रिटिश गुप्तहेर यंत्रणेकडून आला होता आणि तिनेच तो बनविला असावा, असे इतिहासकारांचे सर्वसाधारण मत आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, श्रोत्यांनी नकाशा पाहिलाच नव्हता. 'हिटलरचा असा विचार आहे' या विधानाला पुरावा मागितला गेला असता. 'असा नकाशा आहे' या विधानात पुरावा आधीच अंतर्भूत झाला. नकाशा बनावट ठरल्यानेही प्रश्न मिटत नाही. त्या दिवशी पोलंड, फ्रान्स, नॉर्वे आणि ग्रीस जर्मनीच्या टाचेखाली होते. तिची राज्यतृष्णा कल्पित नव्हती. परंतु युरोपातील आक्रमण हा दक्षिण अमेरिकेविषयीच्या योजनेचा पुरावा नव्हे. शत्रू दोषी आहे म्हणून त्याच्याविरुद्धचे प्रत्येक चित्र खरे ठरत नाही, आणि चित्र खोटे ठरले म्हणून शत्रू निर्दोष होत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही बोधप्रद आहे. न्यूयॉर्क येथील जर्मन माहिती-ग्रंथालयाच्या 'फॅक्ट्स इन रिव्ह्यू' या पत्रिकेने १९४० साली 'अ स्टडी इन एम्पायर्स' हा नकाशा छापला. जर्मनीच्या सुमारे २ लाख ६४ हजार चौरस मैलांशेजारी त्यात ब्रिटिश साम्राज्याचे सुमारे १ कोटी ३३ लाख चौरस मैल मांडले होते. त्या साम्राज्यात हिंदुस्थानही होता. भारतीय वाचकाला हा रंग खोटा म्हणता येणार नाही. परंतु लहान राष्ट्र आक्रमक असूच शकत नाही, हा नकाशातील ध्वनी त्या सत्यातून निष्पन्न होत नाही. शिवाय १९३७ साली जर्मनीचे क्षेत्र सुमारे १ लाख ८२ हजार चौरस मैलच होते. ऑस्ट्रिया, चेक प्रदेश व पोलंडचा भाग गिळून झालेली वाढ त्या रंगात वेगळी उमटत नाही. पहिल्या उदाहरणात भविष्यकाळ वर्तमान झाला. येथे भूतकाळ लुप्त झाला.

म्हणून अशा नकाशाच्या अभ्यासकाने प्रमाण व प्रक्षेप तपासल्यावर आणखी एक काम केले पाहिजे. रंगविलेल्या प्रत्येक प्रदेशाचे एक पूर्ण वाक्य लिहावे : कर्ता कोण, क्रियापद कोणत्या काळाचे व अर्थाचे, आणि ते विधान कोण करीत आहे. वाक्य पूर्ण करता आले नाही, तर तेथेच प्रचाराचे स्थान सापडले असे समजावयास हरकत नाही.