वल्ही कोण मारतंय?

दिवाळी आली की आमच्या देवळाली प्रवरेत अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात. मागे एका विद्यार्थ्याने परातीत पाणी ओतून मधोमध खंदेरी रचली. समुद्र त्याने पाहिलेला नाही. पाहिला तो प्रवरेचा पूर! आरमाराचे चित्र हवे म्हणून तो माझ्याकडे आला. मी त्याच्यापुढे विलेम व्हॅन द व्हेल्डे या एकाच नावाच्या डच पितापुत्रांच्या चित्रांचे पुस्तक उघडले.

सतराव्या शतकातील सागरी लढाया रंगवाव्यात त्या यांनीच. थोरला विलेम लहानशा होडीत बसून प्रत्यक्ष युद्ध टिपी. १६६६ च्या चार दिवसांच्या लढाईतही तो हजर होता. पुढे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७४ मध्ये दोघांना सालिना शंभर-शंभर पौंड बांधून दिले. बापाने रेखाटायचे, लेकाने रंगवायचे. काय ती शिडे, काय तो तोफांचा धूर! डोळा खिळून राहतो.

पोरगा बराच वेळ पाहत राहिला नि म्हणाला, "गुरुजी, यात वल्ही कोण मारतंय?"

मी चपापलो. त्या देखण्या चित्रांचा नायक जहाज आहे, माणूस मुंगीएवढा. आणि खंदेरीची लढाई तर वल्हेकऱ्यांची! १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाचे आरमार इंग्रजांवर चालून गेले. ‘डव्ह’ हाती लागले, ‘रिव्हेंज’ झुंजत निसटले. पण बेट अखेर मराठ्यांकडेच राहिले. आपली गलबते हलकी, उथळ पाण्यात शिरणारी, वारा पडला तरी वल्ह्यांवर धावणारी. ही लढाई आपल्याला कळते ती मुख्यत्वे पत्रांतून. ती रंगवू पाहणाऱ्याला डच शिडांचा मोह पडणारच. पण त्या मोहात खंदेरीचे मर्म हरवते.

मग त्याने पाहावे तरी कुठे? बोरिवलीजवळच्या एक्सरला. तिथल्या वीरगळांवर, खंदेरीच्या कितीतरी शतके आधी, कुणा अनाम पाथरवटाने आरमारी युद्ध कोरले आहे. त्यात व्हेल्डेंचा वारा नाही, ढग नाहीत, पाण्याची खोली नाही. कसबात तो उणाच. परंतु जहाजांच्या कडेला वल्ह्यांची रांग आहे, आणि वरच्या पट्टीत वीराला लाभलेले शिवाचे सान्निध्य. जहाज तिथे वाहन आहे. मान माणसाला आहे.

वाचकहो, व्हेल्डेंकडून समुद्र शिकावा, एक्सरकडून माणूस.

संध्याकाळी परात पाहायला गेलो. कागदी होड्यांना दोन्ही बाजूंनी आगपेटीच्या काड्या लावलेल्या होत्या. शीड एकीलाही नव्हते.