भयानक आणि हास्य यांचा विरोध : कथामाळ-चित्रपटाच्या मूल्यमापनातील एक अडचण

प्रवाल रामन दिग्दर्शित 'डरना मना है' (2003) या हिंदी चित्रपटाला समीक्षकांचा जो संमिश्र प्रतिसाद मिळाला, त्यात एक शब्द निरनिराळ्या रूपांत वारंवार येत राहिला : 'असमतोल'. सहा कथांपैकी दोन चांगल्या, दोन बऱ्या, दोन फसलेल्या, अशी ही बेरीज-वजाबाकी होती. राम गोपाल वर्मा यांनी निर्माण केलेला आणि त्याच वर्षीच्या त्यांच्या 'भूत'पाठोपाठ आलेला हा चित्रपट 'भूत'इतका चालला नाही, आणि असमतोलपणाच्या आरोपाला तिकीटविक्रीचाही पुरावा मिळाल्यासारखे झाले. प्रस्तुत लेखात त्या चित्रपटाची वकिली करावयाची नाही. त्याच्यातील एक कथा खरोखरच फसली आहे, आणि त्याच्या चौकटीत त्याहून गंभीर दोष आहे. प्रश्न असा की, अनेक कथांच्या माळेला 'असमतोल' म्हणताना आपण नेमके कोणते माप लावतो?

हे माप एकसंध कथानकाच्या आणि एकाच अंगी रसाच्या कल्पनेतून आलेले आहे. भीतीच्या कथेत हसू आले की ती बिघडली, असे आपण जवळजवळ प्रतिक्षिप्तपणे मानतो. या समजुतीला शास्त्राचा आधारही आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याचा विरोध भयानक आणि करुण या दोन रसांशी सांगितला आहे. परंतु विरोध सांगितला म्हणजे सहवास निषिद्ध ठरला, असा अर्थ करण्याची घाई आपण करतो. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात रसविरोधाचा विचार केला आहे, तो विरोधाचा परिहार कसा करावा हे सांगण्यासाठी. दोन रस एकाच आश्रयाच्या ठिकाणी विरोधी असतील, तर त्यांचे आश्रय भिन्न करावेत : वीर नायकाच्या ठिकाणी, भय प्रतिनायकाच्या. आणि विरोध जर नैरंतर्यामुळे, म्हणजे एकापाठोपाठ एक लगेच आल्यामुळे असेल, तर मध्ये तिसरा रस घालावा. 'नागानंदा'तील शांत आणि शृंगार यांच्यामधला अद्भुत हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

(वाशिमात बसून संस्कृत साहित्यशास्त्राचा आधार घेताना थोडे हसू येते, पण ते अगदीच अस्थानी नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो विदर्भातील वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशिमात. शब्द आणि अर्थ यांच्या संसाराची काळजी वाहण्याचा थोडा स्थानिक अधिकार आम्हांस आहे.)

पहिला उपाय मराठी चित्रपटाने शास्त्र न वाचताच आत्मसात केला आहे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मध्ये (1993) भयाचा आश्रय लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेले पात्र आहे, हास्याचा आश्रय प्रेक्षक. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरला आहे हे त्या पात्राला कळते, आजूबाजूच्या माणसांना पटत नाही, आणि या अंतरातून विनोद निर्माण होतो. 'चाइल्ड्स प्ले' (1988) या अमेरिकी चित्रपटाशी असलेल्या साम्याकडे बोट दाखवून आपल्याकडील जाणकारांनी हा चित्रपट बाजूला ठेवला. पण मूळ कल्पना परकी असली तरी रसांची ही वाटणी परकी नाही. शिवाय रामदास पाध्ये यांच्या शब्दभ्रमकलेमुळे त्या बाहुल्याला एक वेगळे वजन आले. य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावाला हसणाऱ्या मराठी प्रेक्षकाला बोलका बाहुला आधीपासून विनोदी म्हणून परिचित होता. त्याच ओळखीच्या वस्तूला खुनी करणे म्हणजे हास्याच्या विभावातूनच भय उत्पन्न करणे. लहान मुले त्या बाहुल्याला खरोखर भीत आणि त्यांच्या शेजारी बसलेली मोठी माणसे हसत. एकाच चित्रपटगृहात आश्रयभेद असा खुर्चीगणिक होत होता.

कथामाळेचा प्रश्न याहून अवघड आहे. तेथे पात्र बदलते, स्थळ बदलते आणि प्रेक्षक मात्र तोच राहतो. 'डरना मना है'मध्ये मोटार बंद पडल्यामुळे रात्री जंगलात अडकलेला मित्रमैत्रिणींचा एक गट एकमेकांना गोष्टी सांगतो. एका गोष्टीत बोमन इराणींचा धूम्रपानद्वेष्टा हॉटेलमालक सैफ अली खानच्या छायाचित्रकाराला कोंडून ठेवतो. सुधारकाचा उत्साह आणि खुन्याचा उत्साह यांच्यातील फरक येथे इतका पुसट केला आहे की, हसताना आपण कोणाच्या बाजूने हसलो हे नंतर तपासावे लागते. रघुवीर यादव यांचा कडक शिक्षक एका आज्ञाधारक विद्यार्थिनीलाच भिऊ लागतो. वर्गातील भयाची नेहमीची दिशा येथे उलटलेली आहे. नाना पाटेकर आणि विवेक ओबेरॉय यांच्या गोष्टीत तर एक मोटार, रात्र आणि भूत असण्याविषयीची थट्टा एवढीच सामग्री आहे. आफताब शिवदासानीच्या न्यूनगंडाने पछाडलेल्या तरुणाला माणसे जागच्या जागी थिजविण्याची शक्ती मिळते आणि ती अखेर आरशातून त्याच्यावरच उलटते. माझ्या मते ही गोष्ट सर्वांत नेटकी, कारण तिच्यातील विनोद आणि शिक्षा ही एकाच हावभावाची दोन टोके आहेत. कमी साधनांत हे साधले जाते. कथामाळेचे अर्थकारणही त्याला अनुकूल असते : एकेका नटाचे थोडे दिवस, मोजकी स्थळे, आणि एखादी कल्पना फसली तरी संपूर्ण चित्रपट पणाला लागत नाही.

फसलेली गोष्ट म्हणजे सफरचंदांची. शिल्पा शेट्टीच्या या कथेत सफरचंदे खाणारी माणसे सफरचंदे होतात. पुष्कळ प्रेक्षक येथे हसले, आणि ते हसू दिग्दर्शकाला अपेक्षित होते असे चित्रणावरून वाटत नाही. कॅमेरा आणि पार्श्वसंगीत दोघेही त्या फळाला पूर्ण गांभीर्याने वागवितात. या हसण्याला विरोधी रसाचा शिरकाव म्हणता येणार नाही. रसाभास हास्यात परिणत होतो असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे, आणि शृंगाराभासापुरतेच नव्हे, तर करुणादिकांच्या आभासांनाही त्याने तो नियम लावला आहे. विभाव अनुचित असेल, तर भयानक न होता भयानकाचा आभास होतो आणि प्रेक्षक हसतो. म्हणजे एकाच चित्रपटात दोन जातींचे हास्य आहे : आरशाच्या गोष्टीतील योजलेले आणि सफरचंदाच्या गोष्टीतील ओढवून घेतलेले. 'असमतोल' या एका शब्दात ही दोन्ही हास्ये आपण एकाच पोत्यात भरतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

चौकटीचा दोष वेगळा आहे, आणि त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. आपल्याकडे भीती, विनोद आणि कथामाळ यांचा सर्वांत जुना व यशस्वी मेळ वेताळपंचविशीत आहे. स्मशान, खांद्यावरचे प्रेत, रात्र ही चौकट सलग भयानक आहे. आतील कथा शृंगाराच्या, चातुर्याच्या, कधी चक्क थिल्लर. पण प्रत्येक कथा प्रश्नावर संपते. उत्तर ठाऊक असून विक्रम गप्प राहिला तर मस्तक फुटेल, बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. कथा चौकटीवर परिणाम करते. तिच्यातल्या हलकेपणाची किंमत राजाला प्रत्यक्ष पायपिटीने मोजावी लागते. 'डरना मना है'मध्ये बाहेरचे मित्र एकेक करून नाहीसे होतात खरे, परंतु कोणती गोष्ट सांगितली यावर कोणाचे काही अवलंबून नाही. कथांची अदलाबदल केली तरी चौकट जशीच्या तशी राहील. येथे चौकट फक्त बांधणीचा दोरा ठरते.

इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओच्या 'डेड ऑफ नाइट' (1945) या चित्रपटाची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. चार दिग्दर्शक, पाच कथा आणि त्यांना वेढणारी एक चौकट. त्यातील गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची भूतकथा उघडउघड विनोदी आहे, आणि तीच सर्वांत दुबळी असे मत अनेकांनी दिले. अमेरिकेत प्रदर्शनाच्या वेळी ही कथा आणि आणखी एक कथा कापण्यात आली. चित्रपटाच्या अखेरीस मात्र चौकट सर्व कथांना गिळून टाकते आणि कथांतील माणसे नायकाच्या दुःस्वप्नात एकत्र गोळा होतात. कापलेल्या कथांतील माणसेही तेथे होती, आणि त्यांना पूर्वी न भेटलेला प्रेक्षक गोंधळला. शिवाय गोल्फची कथा येत होती ती शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्याच्या भयंकर कथेच्या लगेच आधी. आनंदवर्धनाने सांगितलेला 'मधला रस' तो हाच. 'दुबळी' म्हणून जी कथा काढली, तिचे काम तिच्या स्वतःच्या बळावर मोजण्यासारखे नव्हतेच.

अर्थात आश्रयभेद आणि रसांतर या दोन उपायांनी सर्व उलगडते असे मी समजत नाही. काही दिवसांपूर्वी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत 'डरना मना है' पाहताना मी हे विवेचन त्यांच्यापुढे मांडले. रिसोडकडच्या एका विद्यार्थ्याने शंका काढली. जागलीला शेतात रात्री भुताची गोष्ट निघते, तेव्हा ऐकणारा आधी हसतो, कारण तो भ्यालेला असतो. सांगणाराही हसतो, आणि त्यालाही घरी त्याच वाटेने जायचे असते. येथे भय आणि हास्य यांचा आश्रय एकच, क्षणही एकच. मग विरोध कुठे गेला? मी उत्तरादाखल म्हणालो की ते लौकिक भय आहे, रस नव्हे. उत्तर शास्त्रशुद्ध होते आणि वर्गाचे त्याने समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही. चित्रपटगृहातील अंधारात अनोळखी माणसांबरोबर भिणे हे नाटकाच्या आस्वादापेक्षा जागलीच्या अधिक जवळचे असू शकेल. तसे असेल तर हास्य येथे भयाचा विरोधी रस राहत नाही, ते भयाचाच एक अनुभाव ठरेल, कंप आणि रोमांच यांच्या पंक्तीतले.

'डरना ज़रूरी है' (2006) या पुढच्या चित्रपटात निरनिराळ्या दिग्दर्शकांनी गोष्टी केल्या. त्यातील पहिली साजिद खान यांची आहे आणि उघड विनोदी आहे. मनोज पाहवा यांनी उभा केलेला एक खुशालचेंडू गृहस्थ आईचे न ऐकता रात्री कब्रस्तानाच्या वाटेने एकटाच सिनेमा पाहायला निघतो. तो जो सिनेमा पाहायला जातो, त्याचे नाव 'डरना मना है'.