जळलेल्या घराचे दार

आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, सपाट गवताळ प्रदेशातल्या एका ठेंगण्या टेकाडावर, बेर्गथोरश्वोल नावाची जुनी शेतवाडी आहे. इ. स. १०१० च्या सुमारास तिचा मालक, वृद्ध कायदेपंडित न्याल, याला शत्रूंनी घरासकट जाळले, अशी कथा आहे. ती सांगणारी ‘न्यालची सागा’ ही गद्यकथा १२८० च्या सुमारास लिहिली गेली. लेखक अज्ञात आहे.

१९५१ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा एक जळलेला गोठा सापडला. गोठाच का, घर का नाही, अशी हळहळ अनेकांना वाटली असेल. मला ती वाटत नाही. गोठ्याने कथा खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. तिचे खरे रहस्य राखेत नाही, दारात आहे.

शत्रू येताना दिसतात, तेव्हा न्यालचे मुलगे अंगणात उभे असतात. न्याल म्हणतो, आत चला. पूर्वी गुन्नारने एकट्याने घरातून लढून शत्रूंना जेरीस आणले होते, हा त्याचा दाखला. थोरला मुलगा स्कार्पहेदिन उत्तर देतो की, गुन्नारवर आलेले लोक थोर मनाचे होते, त्यांनी आग लावली नाही, हे लावतील. एवढे कळूनही तो बापाच्या शब्दाखातर आत जातो.

काही टीकाकार याला दैवगती म्हणतात. मला ते पटत नाही. न्यालने जन्मभर मागचे दाखले पाहूनच निवाडे सांगितले. दारात उभ्या असलेल्या माणसांनाही तो मागच्या दाखल्यानेच जोखतो. त्याचे शहाणपण जिथे मोठे, तिथेच ते तोकडे पडते.

लेखक हे बोलून दाखवत नाही. तो घरातल्या वस्तू दाखवतो. सेउन्न नावाची म्हातारी घरामागच्या तणाच्या गंजीला काठीने बडवून सांगत असते, ही जाळून टाका, नाहीतर आत तरी आणा. स्कार्पहेदिन हसतो. पुढे दारापाशी लावलेली आग बायका दुधाचे आंबट पाणी ओतून विझवतात, तेव्हा शत्रू त्याच गंजीला काडी लावतात.

आपल्या वाचकांना येथे लाक्षागृह आठवेल. पण तिथे विदुर होता, भुयार होते. इथे शत्रूंचा नायक फ्लोसी बायकामुलांना बाहेर पडू देतो, आणि न्यालची पत्नी बेर्गथोरा नकार देते. नवऱ्याला दिलेला शब्द तिला मोडायचा नसतो. नातू थोर्दही आजीला सोडत नाही. तिघे बैलाच्या कातड्याखाली निजतात. पुढे देह सापडतात ते न जळलेले. कातड्याबाहेर राहिलेले मुलाचे एक बोट तेवढे जळलेले असते.

त्या मुलाचा बाप कारी पेटत्या केसांनिशी निसटतो आणि अनेक वर्षे सूड घेत हिंडतो. अखेर जहाज फुटून, हिमवादळात तो चालत जातो तो फ्लोसीच्याच घरी. फ्लोसी त्याला ओळखतो, उठून मिठी मारतो, शेजारी बसवून घेतो. एका दाराशी पेटलेली कथा दुसऱ्या दाराशी विझते. उत्खननात हे दार कधीच सापडणार नाही. तरी माझ्या लेखी सगळ्या सागेत खरे तेच.