मैत्रीण नावाचा कागद : ‘आम्हीही इतिहास घडवला’ पुन्हा वाचताना

आपल्या समीक्षेने दलित आत्मकथनांतली आई पाहिली, बाप पाहिला, वेशीबाहेरची वस्ती पाहिली, शाळा आणि मास्तर पाहिले. बाईची मैत्रीण तिने फारशी पाहिली नाही. स्त्रियांची मैत्री हा विषय काढला की आपल्यातल्या अनेक कार्यकर्त्यांना तो पांढरपेशांचा, फुरसतीचा वाटतो. चळवळीत त्याला काय जागा, असे मला एका अभ्यास शिबिरात तोंडावर विचारले गेले. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते आता देण्याचा हा प्रयत्न आहे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा त्यात शोध आहे. एका भागात इतिहासाची मांडणी आहे, तर दुसऱ्या भागात चाळीसहून अधिक स्त्रियांच्या हकिगती आहेत. २००८ साली वंदना सोनाळकर यांनी ते इंग्रजीत नेले आणि बाहेरचे अभ्यासकही त्याचा आधार घेऊ लागले. आपण या पुस्तकाचा वापर माहितीच्या कोठारासारखा करतो. परिसंवादासाठी त्यातून नावे आणि तारखा उचलतो. पण हे पुस्तक दोघींनी केले आहे, ही गोष्ट आपण कधी वाचली आहे काय? माझ्या वर्गात लेखक विचारला तर विद्यार्थी एकच नाव लिहितात. ‘आयदान’मुळे (२००३) ऊर्मिला पवारांचे नाव त्यांना ठाऊक असते. दुसरे नाव गळते. आठवण करून दिली तर ‘वसंत मून यांच्या पत्नी’ अशी ओळख पुढे येते. ज्या पुस्तकाने विस्मृतीत गेलेल्या बायांची नावे परत आणली, त्याच्याच मुखपृष्ठावरचे एक नाव आपण पुसत आहोत.

दोन नावे ही केवळ श्रमविभागणी नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लढ्यात उतरलेली बाई आता म्हातारी झालेली असते. तिच्या घरी जाऊन ‘तुम्ही काय केले?’ असे विचारले तर ती काय सांगणार? घरातला पुरुष मध्ये बोलतो. ती स्वतः ‘आम्ही कसलं काय केलं’ म्हणून विषय संपवते. गावात फिरणाऱ्या कुणालाही हा अनुभव येतो. एकटा माणूस वही उघडून बसला की मुलाखत होते, आणि मुलाखतीला बाई भिते. दोन बाया येऊन बसल्या, आपसांत बोलू लागल्या, की ओसरीवरची बैठक होते. तिथे तिसरी बाई आपोआप बोलती होते. या पुस्तकाची पद्धत मला तरी अशी दिसते. मैत्री हेच इथे संशोधनाचे साधन आहे. मीनाक्षी मून यांनी चालवलेल्या नियतकालिकाचे नाव ‘मैत्राणी’ होते, हेही लक्षात घ्यावे. शुद्धलेखनाच्या पुस्तकात ‘मैत्रिणी’ असते. ‘मैत्राणी’ हे वस्तीतल्या बाईच्या तोंडचे रूप आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांना रजा, असे ठराव तिने केले. ठराव कागदावर राहिले. पण त्या मांडवात बसलेली बाई घरून कुणाच्या सोबतीने निघाली, तिचे पोर कुणी सांभाळले, हे ठरावाचा कागद सांगत नाही. ते तिच्या सोबतिणीलाच ठाऊक असते. फातिमा शेख यांचेच पाहा. आज त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात. पण हाताशी असलेल्या भक्कम पुराव्यांत १० ऑक्टोबर १८५६ चे सावित्रीबाईंचे पत्र आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमावर भार पडला असेल ही चिंता आणि ती कुरकुरणार नाही हा विश्वास, एवढाच त्यातला उल्लेख. मैत्रिणीने लिहिले म्हणून ती उरली.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी कामणचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हे पुस्तक वाचून मी वही घेऊन आईसमोर बसलो. ती म्हणाली, “मी काय केलं? कामं केली.” वही कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी तिची जोडीदारीण आली. वारली पाड्यावरची. दोघींनी वीटभट्टीवर वर्षानुवर्षे जोडीने काम केले. मी तिला मावशी म्हणतो, कारण आईच्या मैत्रिणीला हाक मारायला आपल्या भाषेत दुसरा शब्द नाही. मावशी म्हणाली, “खोटं सांगते तुझी आई. मुकादम हजारात विटा कमी धरायचा. ही कोळशानं भिंतीवर रेघा मारायची. ही मोजायची, मी भांडायची.” मग आई हसली आणि तिनेच पुढचे सांगितले. ती वही त्या दिवशी भरली.

आईचा इतिहास मावशीजवळ ठेवलेला होता. मावशीचा आईजवळ असणार.

म्हणून शीर्षकातल्या ‘आम्हीही’ या शब्दाजवळ मी थांबतो. ‘मी’ म्हणणारी आत्मकथने आपल्याकडे पुष्कळ झाली आणि ती आवश्यकच होती. इथे ‘आम्ही’ आहे. तो पुढारीपणाचा ‘आम्ही’ नाही. दोघी जणी शेजारी उभ्या राहून तिसऱ्याला बजावतात, तसा आहे. त्यातला ‘ही’ हा इतिहास लिहिणाऱ्यांना आणि आपल्यातल्या पुरुषांनाही उद्देशून आहे, असे मी समजतो.

पण इथेच एक प्रश्न उरतो आणि तो पुस्तकाला नव्हे, आपल्याला आहे. कामणच्या त्या दोघींपैकी माझ्या आईला ‘आम्ही’ म्हणायला हे पुस्तक आहे, चळवळ आहे, १४ एप्रिल आहे. मावशीने कुठे म्हणायचे? भट्टीवर रेघा दोघींच्या होत्या; इतिहासात शिरताना आपण त्यांना वेगळे करणार काय? मैत्रीचा गौरव करायचा तर या प्रश्नाला सामोरे जावे लागेल. नाहीतर गौरवाचा हारच तेवढा उरेल.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे, म्हाताऱ्या बाईकडे वही घेऊन जाल तेव्हा पहिला प्रश्न तिच्याविषयी विचारू नका. “तुमची जोडीदारीण कोण होती?” असे विचारा. ती हयात असेल तर तिलाही बोलवा. आणि जे लिहाल त्यावर दोघींचीही नावे घाला.