शातोब्रियाँ : राजनिष्ठेची धारदार लेखणी

फ्रेंच लेखक शातोब्रियाँ म्हटले की ‘अताला’ व ‘रने’ या कादंबऱ्या आणि त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या प्रचंड आत्मकथनाची आठवण होते. त्याच्या राजकीय पुस्तिका मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपुरत्या उरल्या आहेत. हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे.

खरे तर त्यांतली सर्वांत गाजलेली पुस्तिकाच सर्वांत कच्ची. १८१४ मध्ये नेपोलियन कोसळत असताना ती पॅरिसमध्ये आली. तिने ज्याची बाजू घेतली तो अठरावा लुई तेव्हा इंग्लंडमध्ये परागंदा होता. नेपोलियन परका आहे हे ठसवण्यासाठी शातोब्रियाँने त्याचे आडनावही इटालियन वळणाने ‘बुओनापार्ते’ असे छापले. त्वेष भरपूर, विचार थोडा.

पुढच्याच वर्षी नेपोलियन परतला आणि लुईला पुन्हा पळावे लागले. शातोब्रियाँ त्याच्यासोबत गेंटला गेला. अशा माणसाने सिंहासन परत मिळाल्यावर स्तुतिस्तोत्रे लिहिली असती तर नवल नव्हते. पण त्याने १८१६ मध्ये ‘सनदेनुसार राजेशाही’ हा ग्रंथ लिहिला. मंत्री सभागृहाला जबाबदार असावेत, वृत्तपत्रे मोकळी असावीत, राजाने पक्षांच्या भांडणापलीकडे राहावे, अशी त्याची मांडणी होती. सभागृहात तेव्हा त्याच्याच कडव्या राजनिष्ठांचे बहुमत होते, म्हणून त्याच्या हेतूवर शंका घेतली जाते. शंका रास्त आहे. पण युक्तिवाद हेतूपेक्षा मोठा ठरला. राजाने ते सभागृह बरखास्त करताच त्याने ताजा कलम जोडून त्यावर टीका केली. पोलिसांनी प्रती जप्त केल्या, मानाचे मंत्रिपद आणि त्याचे वेतन गेले, ग्रंथसंग्रह विकावा लागला.

एक डाग मात्र पुसता येत नाही. परराष्ट्रमंत्री असताना १८२३ मध्ये त्याने स्पेनवरील स्वारीचा पुरस्कार केला आणि तिथे सातव्या फर्डिनंडची निरंकुश सत्ता परत आली. या स्वारीचा त्याला अखेरपर्यंत अभिमान होता. मंत्रिपदावरून काढल्यावर हाच माणूस मायदेशात मुद्रणस्वातंत्र्यासाठी झुंजला. ही विसंगती त्याच्या लेखनात कुठेच सुटत नाही.

त्याचे गद्य सर्वांत उंच जाते ते ७ ऑगस्ट १८३० च्या भाषणात. लुईनंतर गादीवर आलेल्या दहाव्या चार्ल्सची राजवट कोसळली होती. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या चार्ल्सच्या वटहुकमांचा त्याने कडक निषेध केला. राजांचा दैवी अधिकार आपण मानत नाही, हेही सांगितले. तरीही लुई-फिलिपला राजा मानण्याचे नाकारून तो चार्ल्सच्या अल्पवयीन नातवाच्या हक्कामागे उभा राहिला आणि सरदारसभेची जागा व वेतन सोडले. त्या मुलाच्या कैदेतील आईसाठी १८३२ मध्ये पुस्तिका लिहिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. पंचांनी त्याला निर्दोष सोडले. पुढे तो प्रागला जाऊन परागंदा चार्ल्सला भेटला.

वाचकाने १८१४ ची पुस्तिका खुशाल बाजूला ठेवावी. १८१६ चा ग्रंथ आणि १८३० चे भाषण मात्र त्याच्या कादंबऱ्यांच्याही आधी वाचावे.