‘अक्करमाशी’तील बालपण : रक्ताचे नाते आणि सांभाळाचे नाते

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. सोलापूर जिल्ह्यातील हन्नूर येथील बालपण हा त्याचा गाभा आहे. जातिव्यवस्थेच्या अंगाने या ग्रंथाची चर्चा विपुल झाली; मात्र हे मूल कोणाच्या आधाराने तगले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, बालकाला आईचा किंवा तिची जागा कायमपणे घेणाऱ्या व्यक्तीचा जिव्हाळ्याचा सहवास आवश्यक मानला. पुढे मायकेल मीनी व सहकाऱ्यांच्या उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, ज्या पिलांना मादी अधिक चाटते, त्यांच्या मेंदूची ताणाची संप्रेरके आटोक्यात ठेवण्याची क्षमता अधिक असते. दुसऱ्या मादीने वाढविलेल्या पिलांत सांभाळणाऱ्या मादीचाच परिणाम दिसला. म्हणजे येथे जन्मापेक्षा सांभाळ निर्णायक ठरला.

‘अक्करमाशी’तील चित्र याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जन्मदाता पाटील पितृत्व नाकारतो. मुलाला वाढवितात ते आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारे, बसस्टँडवर हमाली करणारे महमूद दस्तगीर जमादार, म्हणजेच दादा. दादांचे या मुलाशी रक्ताचे नाते नाही, धर्माचेही नाही. तरीही घर त्यांच्या कष्टावर उभे आहे. शेणातून वेचलेल्या ज्वारीची भाकरी संतामाय स्वतः खाते आणि नातवाला मात्र दुसऱ्या पिठाची देते. हा प्रसंग केवळ दारिद्र्याचा नाही. भुकेतही मुलाला आधी जपणारे माणूस घरात आहे, याचा तो पुरावा आहे.

मात्र या सिद्धांताचा वापर जपून करावयास हवा. एक तर, आत्मकथनावरून लेखकाच्या मेंदूचे निदान करता येत नाही. दुसरे असे की, केवळ आईवर बोट ठेवणारे वाचन मसामायवर अन्याय करते. तिची अगतिकता जमीनदारीने व जातीने घडविलेली आहे. मुलाला पोखरणारा ताणही घरातून येत नाही. तो भुकेतून, अस्पृश्यतेतून आणि शाळेत विचारल्या जाणाऱ्या बापाच्या नावातून येतो.

सारांश, घराने दिलेला आधार गाव पुन्हा पुन्हा हिरावून घेते, हा या ग्रंथातील खरा संघर्ष होय. बालकाच्या जडणघडणीचा विचार करणाऱ्या समीक्षेने आईच्या मांडीइतकाच गावाच्या वेशीचाही विचार केला पाहिजे.